हजची नोट, फाळणीची नोट आणि छापखान्याची चूक

शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही मुस्लिम घरात जा, पाकिटात नाहीतर कपाटातल्या डब्यात ७८६ आकड्याची एखादी तरी नोट सापडेल. कुणी ती ईदीतून राखून ठेवलेली असते, कुणाला दुकानाच्या बोहनीला मिळालेली असते, कुणाच्या आईने मुलगा आखातात निघाला तेव्हा त्याच्या पासपोर्टात घालून दिलेली असते. मी जुन्या आणि चुकीच्या छपाईच्या नोटा जमवतो हे कळल्यापासून ओळखीपाळखीचे लोक अशा नोटा मला आणून दाखवतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "याचे किती येतील?"

खरं उत्तर असं की बहुतेक वेळा काहीच नाही. साधा हिशेब करा. नोटांचे क्रमांक ओळीने जातात, म्हणजे दर हजार नोटांत एकीचा शेवट ७८६ ने होणारच. दहाच्या १० कोटी नोटा छापल्या तर त्यात अशा १ लाख नोटा निघतात. ज्या वस्तूचे लाख नमुने दर छपाईत बाहेर पडतात ती दुर्मीळ कशी म्हणायची? तिच्यात आईची दुआ असेल तर ती आपल्यासाठी मोलाची आहे, बाजाराला त्या दुआशी देणंघेणं नाही.

पण याच घरांतल्या मागच्या पिढ्यांच्या हातून अशा काही नोटा गेल्या आहेत, ज्या आज जगभरचे संग्राहक शोधत फिरतात आणि ज्यांच्यावर आपला इतिहास शब्दशः छापलेला आहे. त्या आपण ठेवल्या नाहीत. हा लेख त्या नोटांबद्दल आहे.

घाटातून उतरणारा पैसा

आपल्या दोन्ही तालुक्यांतून पैसा फार जुन्या काळापासून वाहतो आहे. मुरबाडहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात दगडाचा एक मोठा रांजण आहे. घाट ओलांडणारे व्यापारी जकात त्यात टाकत, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. तिथल्याच लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि त्यात यज्ञांच्या वेळी दान दिलेल्या गाई, हत्ती आणि कार्षापण नाण्यांची आकड्यांसह मोजदाद आहे. म्हणजे पैसे मोजून लिहून ठेवण्याची सवय आपल्या डोंगराला दोन हजार वर्षांची आहे.

शहापूरचा घाट वेगळा, थळघाट, ज्याला आपण कसारा घाट म्हणतो. १८६५ साली या घाटातून रेल्वे सुरू झाली. पुढे घाटापलीकडे नाशिकरोडला सरकारी छापखाना उभा राहिला आणि १९२८ साली तिथे नोटा छापायला सुरुवात झाली. त्याआधी हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडात छापून जहाजाने येत. १९३२ पर्यंत देशाच्या सगळ्या किमतींच्या नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. नाशिकरोडहून मुंबईला येणारी रेल्वेची वाट इगतपुरी, कसारा, आटगाव, आसनगाव, वाशिंद अशीच आहे. भातसा आणि तानसाचं पाणी मुंबईला जातं हे आपल्याला ठाऊक असतं. मुंबईचा कागदी पैसाही आपल्याच शिवारातून खाली उतरत आला, हे फारसं कुणी बोलत नाही.

इंग्लंडहून येणाऱ्या नोटांची एक गोष्ट संग्राहकांच्या आवडीची आहे. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने पहिल्यांदा १ रुपयाची नोट काढली. पाठोपाठ चक्क अडीच रुपयांची, म्हणजे २ रुपये ८ आण्यांची नोट आली. असल्या नोटा घेऊन 'शिराला' नावाचं जहाज लंडनहून मुंबईला निघालं होतं. २ जुलै १९१८ रोजी जर्मन पाणबुडीने ते इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ बुडवलं. नोटांची बंडलं वाहत किनाऱ्याला लागली. बहुतेक गोळा करून नष्ट केल्या गेल्या, थोड्या लोकांच्या हाती राहिल्या. ज्या नोटा मुंबईच्या बाजारात कधी पोचल्याच नाहीत, त्यांना आज बाजारात फिरलेल्या नोटांपेक्षा कितीतरी जास्त किंमत आहे.

त्याहून जुन्या नोटा संग्राहकांना पुष्कळदा अर्ध्याच सापडतात. १८६१ च्या कायद्याने सरकारने कागदी चलन हाती घेतलं, तेव्हा देशाचे चलन विभाग पाडले होते. मुंबई विभागाची नोट कलकत्त्यात कायदेशीर चलन नव्हती. लांबच्या गावी पैसे पाठवायचे तर टपालात चोरीची भीती. म्हणून व्यापारी नोट मधोमध कापत, एक तुकडा पाठवत, तो पोचल्याचं पत्र आलं की दुसरा पाठवत. दोन्ही तुकडे जुळले की पैसे मिळत. जिथे जोडीदार तुकडा पोचलाच नाही, तिथे अर्धी नोट कुणाच्या तरी पेटीत पडून राहिली. ती कुणी ठेवली आणि दुसऱ्या तुकड्याचं काय झालं, हे लिहून ठेवलेलं नसतं.

नाशिकला छापलेला पाकिस्तान

फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे ना मध्यवर्ती बँक होती ना नोटांचा छापखाना. दोन देश झाले तरी चलन काही काळ एकच राहिलं आणि ते सांभाळायचं काम भारताच्या रिझर्व्ह बँकेकडेच होतं. तेव्हा बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, कुलाबा जिल्ह्यातला मराठी माणूस. १९४३ साली ते बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४९ पर्यंत त्या पदावर राहिले.

१ एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानसाठी वेगळ्या नोटा निघाल्या. वेगळ्या म्हणजे किती? भारताच्याच नोटा. तोच सहावा जॉर्ज राजा, तेच 'रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया' हे नाव. फक्त जलचिन्हाच्या मोकळ्या पांढऱ्या जागेत वर इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि खाली उर्दूत 'हुकूमते पाकिस्तान' अशी अक्षरं जास्तीची छापलेली. छपाई कुठली? नाशिकरोडची. १ जुलै १९४८ ला कराचीत स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली आणि ही व्यवस्था संपली.

ही नोट पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. एका कागदावर राजा इंग्लंडचा, बँक भारताची, सरकार पाकिस्तानचं आणि छापखाना आपल्या घाटापलीकडचा. फाळणीवरची शेकडो पानं वाचून जे समजत नाही ते या कागदाने समजतं. देश एका रात्रीत वेगळे झाले, पण माणसांचे हिशेब, देणी, पगार, भाड्याच्या पावत्या वेगळ्या व्हायला महिने लागले. शाई आणि कागद तर आणखी काही काळ एकच राहिले.

या नोटा भारतात चालत नसत. बँकेत भरायला नेल्या की त्यावर 'पाकिस्तान नोट, पेमेंट रिफ्यूज्ड' असा शिक्का मारून परत देत. आज संग्राहक हा शिक्का असलेली नोट मुद्दाम शोधतात. भारतीय कागदी चलनाचे सर्वांत मोठे संग्राहक मानले जाणारे बंगळुरूचे रिझवान रझाक यांच्या छंदाची सुरुवातही आजोबांकडे सापडलेल्या पाकिस्तान-छपाईच्या नोटांपासूनच झाली. पुढे त्यांनी या विषयावरचा प्रमाण मानला जाणारा ग्रंथ किशोर झुनझुनवालांसोबत लिहिला आणि बंगळुरूत कागदी चलनाचं संग्रहालय उभं केलं.

आता त्या काळच्या आपल्या भागाचा विचार करा. सिंधमधून निघालेली हजारो कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत येऊन राहिली होती. मुरबाडहून येताना लागणारी ही वस्ती १९४९ साली उल्हासनगर झाली. घरदार सोडून आलेल्या त्या माणसांपैकी कुणाच्या कनवटीला अशी नोट असेल, तर त्याची शेवटची पुंजी शिक्का मारून त्याच्याच हातात परत आली असणार. आणि त्याच काळात इकडच्या एखाद्या मुस्लिम घरात, कराचीला गेलेल्या भावाच्या पत्रातून अशी एखादी नोट आली असेल, तर ती ठेवायची कुणाची छाती झाली असती? 'पाकिस्तान' हे अक्षर असलेला कागद घरात सापडणं म्हणजे काय, हे त्या पिढीला सांगायची गरज नव्हती. चुलीत घातलेल्या नोटेचा पुरावा मागे राहत नाही. पण ती नोट छापली होती भारत सरकारनेच, दोन्ही देशांच्या संमतीने आणि नाशिकलाच, एवढं माहीत असतं तर थोडी भीती कमी झाली असती. इतिहास माहीत नसण्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

हजची नोट

आता सर्वांत महत्त्वाच्या नोटेकडे येतो. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने हजयात्रेकरूंसाठी १० रुपयांच्या आणि १०० रुपयांच्या खास नोटा काढल्या. क्रमांकाआधी 'एचए' ही इंग्रजी अक्षरं होती आणि रंग नेहमीच्या नोटांपेक्षा वेगळा होता. या नोटा सौदी अरबस्तानात नेऊन तिथल्या चलनात बदलून घ्यायच्या. आपल्याकडच्या बाजारात त्या चालत नसत.

कारण सोन्याचं होतं. त्या काळी कुवेत, बहारीन, कतार, आजची अमिराती, ओमान या भागांत भारतीय रुपयाच रोजच्या व्यवहारात चालत असे. दुबईच्या बाजारात रुपयाने खरेदी होई हे आजच्या मुलांना खोटं वाटेल. पण तिथून सोनं चोरून भारतात येई, त्याचे रुपये तिकडे जात आणि ते परत आले की सरकारला त्या बदल्यात पौंड मोजावे लागत. ही गळती थांबवायला १९५९ साली आखातासाठी वेगळ्या रंगांच्या, 'झेड' अक्षराच्या नोटा काढल्या आणि हाजींसाठी या वेगळ्या. कुवेतने १९६१ साली आपला दिनार आणला, बहारीनने १९६५ साली. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा बाकीच्यांनीही हात काढून घेतला. ओमानात मात्र हा रुपया १९७० पर्यंत टिकला.

दुसऱ्या टोकालाही हाच प्रश्न वेगळ्या रूपात होता. सौदी अरबस्तानात तेव्हा चांदीचे रियाल चालत. हाजींना त्या नाण्यांच्या जड थैल्या वागवाव्या लागू नयेत म्हणून १९५३ साली तिथल्या सरकारने 'हाजींच्या पावत्या' काढल्या. त्यांवर अरबीबरोबर उर्दूतही मजकूर होता. लोकांनी त्या पावत्या पैशांसारख्या वापरायला सुरुवात केली आणि त्याच सौदी अरबस्तानचं पहिलं कागदी चलन ठरल्या. रीतसर नोटा तिथे १९६१ साली आल्या. म्हणजे १९५९ नंतरच्या त्या थोड्या काळात एखादा हाजी एका हाताने भारताची हजची नोट देत होता आणि दुसऱ्या हाताने सौदीची हजची पावती घेत होता. दोन्ही कागद केवळ त्याच्यासाठी छापले गेले होते.

आपल्याकडचे हाजी कसे जात हे म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलं असेलच. गावातून निरोप, गळ्यात हार, आसनगावहून नाहीतर कल्याणहून गाडी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग मोगल लाइनचं जहाज. जहाजाने हजला जाणं १९९५ पर्यंत सुरू होतं. या प्रवासाच्या आठवणी घरोघर सांगितल्या जातात. आबे जमजम, खजूर, तसबीह, जानमाज, समुद्रात लागलेली उलटी, जहाजावर कुणाचं झालेलं निधन आणि पाण्यात दिलेली मय्यत. पण हातात कुठली नोट होती हे कुणी सांगत नाही. मी दोन्ही तालुक्यांत बऱ्याच जुन्या घरांत विचारून पाहिलं. एका म्हाताऱ्या खालांना एवढंच आठवत होतं की त्यांच्या वालिदांनी नेलेले पैसे "आपले वाटत नव्हते, रंग निराळा होता". हा निराळा रंग हीच हजची नोट असणार, असं मला वाटतं.

गेल्या काही वर्षांत लंडनच्या एका लिलावात १०० रुपयांची हजची नोट ५० लाख रुपयांहून जास्त किमतीला गेली. ती बातमी आपल्या मोबाइलवर भरपूर फिरली आणि लोकांनी पुन्हा पेट्या उघडल्या. कुणाच्या पेटीत काही निघाल्याचं मी ऐकलं नाही. ही नोट इतकी दुर्मीळ का झाली? जी नोट गावच्या दुकानात तेल-मीठ देत नाही, ती गरीब हाजी घरी कशाला आणेल? त्याने ती तिथेच बदलून खर्च केली आणि बदलून घेतलेल्या नोटा शेवटी बँकेकडे परत गेल्या. ज्या नियमासाठी ती काढली होती तो नियम हजारो साध्या माणसांनी पाळला, म्हणून ती आज सापडत नाही. सोन्याच्या चोरीची भीती ज्यांच्या वाटेवर धरली होती, त्या वाटेवरच्या सामान्य माणसाच्या प्रामाणिकपणाचा याहून चांगला पुरावा मला दिसत नाही. ज्यांना या नोटेची नुसती किंमत दिसते त्यांनी हेही बघावं.

चूक कुणाच्या हातात पडते

आता छपाईच्या चुकांकडे. नोट एकेकटी छापत नाहीत. मोठ्या तावावर अनेक नोटा एकत्र छापतात. आधी रंगांची पार्श्वभूमी, मग बोटाला खडबडीत लागणारी उठावाची छपाई, मग क्रमांक, शेवटी कापणी. प्रत्येक टप्प्यावर चूक होऊ शकते. तावाचा कोपरा दुमडून आत गेला तर कापणीत त्या कोपऱ्याला जास्तीचा कागद राहतो, संग्राहक त्याला 'बटरफ्लाय' म्हणतात. क्रमांकाचं यंत्र अडखळलं तर एकाच नोटेवर दोन वेगळे क्रमांक येतात किंवा एका बाजूला क्रमांकच येत नाही. ताव सरकला तर शेजारच्या नोटेची पट्टी दिसते. कधी शाई फासली जाते, कधी एक बाजू कोरीच राहते.

छापखान्यात तपासणीत सापडलेल्या खराब नोटा काढून टाकतात. त्यांच्या जागी दुसऱ्या घालताना पूर्वी तोच क्रमांक पुन्हा छापावा लागे. २००६ साली ताऱ्याची पद्धत आली. क्रमांकात अक्षरांनंतर छोटा तारा असेल तर ती बदली नोट. सुरुवात १०, २० आणि ५० च्या नोटांपासून झाली. २०२३ साली ताऱ्याच्या नोटा खोट्या असल्याची अफवा पसरली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला त्या खऱ्याच आहेत असं जाहीर करावं लागलं.

एक चूक तर व्याकरणाची आहे. स्वतंत्र भारताच्या सुरुवातीच्या नोटांवर हिंदीत 'दो रुपया', 'पाँच रुपया' असं एकवचन छापलं होतं. १९५३ च्या सुमारास हिंदीला नोटेवर ठळक जागा मिळाली, अनेकवचन काय करायचं यावर चर्चा झाली आणि 'रुपये' ठरलं. राष्ट्र नवं होतं, भाषेची घडी बसत होती, आणि ती बसतानाची सुरकुती नोटेवर उमटून राहिली. आजच्या नोटेच्या मागच्या बाजूला भाषांची पट्टी आहे, तिथे आपलं मराठी आणि उर्दू दोन्ही एकाच चौकटीत, वर-खाली उभे आहेत. ज्यांना मराठी मुसलमान म्हणजे नेमकं कोण असा प्रश्न पडतो त्यांना मी खिशातली नोट काढून ती पट्टी दाखवतो.

पण चुकीच्या नोटेची सगळीच गोष्ट मजेची नसते. २०१७ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या श्योपूर जिल्ह्यात शेतकऱ्यांना बँकेतून मिळालेल्या २००० च्या नोटांवर गांधीजींचं चित्रच नव्हतं. नोटा खऱ्या होत्या, छपाई चुकली होती. ज्यांनी त्या घेतल्या त्यांना आधी वाटलं आपल्या हाती खोट्या नोटा पडल्या. त्यांनी बँक गाठली आणि नोटा परत केल्या. तीच नोट मुंबईच्या एखाद्या संग्राहकाच्या हाती पडली असती तर त्याने पेढे वाटले असते.

हे आपल्या बाजारातही होतं. पावसाळ्यात शहापूरच्या रस्त्यावर रानभाज्या घेऊन बसणाऱ्या कातकरी आणि ठाकर बायका, म्हशाच्या यात्रेत बैलांचा, घोंगड्यांचा सौदा करणारे लोक, आठवडी बाजारात बांगड्या भरणारे आपलेच भाईबंद. या सगळ्यांचा व्यवहार रोखीचा. त्यांच्या हातात क्रमांक नसलेली, वाकडी कापलेली नोट आली की पुढचा दुकानदार ती घेत नाही. "दुसरी दे," म्हणून भिरकावतो. ती बाई कुणाकडे जाणार? बँकेत रांगेत उभं राहायचं तर दिवसाची मजुरी जाते. मग कुणीतरी शंभराची नोट ऐंशीला घेतो आणि उपकार केल्यासारखं दाखवतो. सरकारी छापखान्याच्या चुकीचा भुर्दंड शेवटी तिच्या पदरात पडतो, आणि त्याच चुकीचा नफा चार हात पुढे जाऊन दुसऱ्याला होतो. मी स्वतः अशी नोट घेतो तेव्हा दर्शनी किमतीच्या वर देतो आणि ही चूक कशी झाली हे समोरच्याला समजावून सांगतो. छंदाला ही एवढी अट लावून घेतली तरच तो हलाल राहतो, असं माझं मत आहे.

सौदे, शंका आणि फसवणूक

७८६ कडे परत येऊ. हा आकडा म्हणजे अबजद पद्धतीने केलेली बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज. कुरआनात किंवा हदीसमध्ये तो नाही, उपखंडातली ती रीत आहे, आणि तिला मानावं की नाही यावर उलेमांत मतभेद आहेत. मला त्या वादात पडायचं नाही. पण चालू चलनातली दहाची नोट शंभराला विकावी का, हा प्रश्न मला तरुण मुलं विचारतात. एकाच देशाचं चालू चलन आपसात कमी-जास्त करून बदलू नये असं बरेच उलेमा सांगतात. चलनातून बाद झालेली जुनी नोट मात्र वस्तूसारखी धरून ठरेल त्या किमतीला विकता येते, असंही त्यांचं म्हणणं असतं. शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावं.

फसवणुकीबद्दल मात्र शंकेला जागा नाही. "७८६ ची नोट द्या, लाखो मिळवा" अशा जाहिराती येतात. नोटेचा फोटो मागवतात, सौदा पक्का झाला म्हणतात, मग रिझर्व्ह बँकेच्या नावाने नोंदणीचे, कराचे पैसे आधी भरायला सांगतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही, ती कसलंही कमिशन घेत नाही आणि कुणाला तसा अधिकार दिलेला नाही. विकणाऱ्यानेच आधी पैसे भरायचे असतील तर तो सौदा नसून चोरी आहे. चुकीच्या नोटाही बनवून विकतात. रसायन लावून क्रमांक किंवा रंग पुसतात. उठावाची छपाई बोटाला लागते की नाही, कागद तिथे खरवडल्यासारखा दिसतो का, हे भिंगातून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणखी एक सावधगिरी कायद्याची. ८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या. आठवड्याभरात, १४ नोव्हेंबरला, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना त्या घेण्यास मनाई झाली. ज्यांचं खातं फक्त तिथेच होतं अशा गावांचे किती हाल झाले ते आपण पाहिलं आहे. २०१७ च्या कायद्याप्रमाणे या बाद नोटा कुणाजवळही १० पेक्षा जास्त असू नयेत. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी ही मर्यादा २५ आहे. त्यापुढे १०,००० रुपये किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यांत जे जास्त असेल तितका दंड होऊ शकतो. दादीच्या पेटीत साडीच्या घडीतून अजूनही असं बंडल निघतं. ते निघालं तर "कधीतरी किंमत येईल" म्हणून जपू नका, आधी वकिलाला विचारा.

नोटेसोबत एक चिठ्ठी

मग जपायचं काय? जुनी नोट सापडली तर तिला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, धुऊ नका, इस्त्री फिरवू नका. पिनेने टोचू नका. घडी उलगडून चांगल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात सपाट ठेवा, ओलीपासून आणि वाळवीपासून लांब. आपल्याकडच्या पावसात एवढं केलं तरी पुष्कळ.

आणि सोबत एका कागदावर लिहून ठेवा की ही नोट कुणाची, कुठून आली, कधी आली, घरात तिच्याबद्दल काय सांगतात. संग्राहक नोट विकत घेऊ शकतो, ही चिठ्ठी त्याला कुठेच विकत मिळत नाही. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, २००४ साली तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. कसारा घाट चढून गेलात तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. मुलांना एकदा तरी दाखवून आणा. तिथे काचेआडच्या नोटांखाली किंमत, साल, सही असं सगळं लिहिलेलं असतं. ती नोट खिशात घेऊन कोण कुठल्या गावाहून निघालं होतं, एवढंच नसतं.

ते आपल्यालाच सांगता येईल, आणि सांगू शकणारी माणसं आता थोडी उरली आहेत. १९५९ साली वीस वर्षांचा असलेला माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. तुमच्या गावात कुणी जहाजाने हज केलेलं असेल, किंवा वडिलांना बंदरावर पोचवायला गेलेलं असेल, तर या जुम्याला नमाजीनंतर त्यांच्याकडे जाऊन बसा आणि विचारा, "चाचा, जाताना पैसे कुठल्या रंगाचे होते?" जे सांगतील ते त्याच दिवशी, तारखेसह लिहून काढा.